डब्यातली निळी फोड

१

मालोजी जेवता जेवता मेला. दुसऱ्या दिवशी सकाळी दुर्गाबाई कंपनीच्या गेटपाशी पोहोचायच्या आत त्यांना खुनी कोण तेही ऐकवण्यात आलं. चहावाल्यानं सांगितलं, रखवालदारानं सांगितलं, हजेरीच्या रांगेतल्या दोघातिघांनी मान हलवून दुजोरा दिला. कासारवाडीत खाणावळ चालवणारी ताहेरा. तिनं डब्यात विषारी अळंबी घातली आणि धडधाकट गडी घासाबरोबर आडवा झाला. ताहेराला पोलिसांनी कालच नेलं होतं.

दुर्गाबाईंचं डोकं तिथंच तापलं. दोन दिवस त्या भाचीच्या बाळाच्या बारशाला साताऱ्याला गेल्या होत्या, तेवढ्यात माणूसही मेला आणि निकालही लागला! पिंपरीच्या या गिअर बनवणाऱ्या कंपनीत त्या सुरुवातीपासून दवाखान्याच्या नर्स होत्या. चिरलेली बोटं त्यांनी शिवली होती आणि खोटं दुखणं घेऊन येणाऱ्यांना दारातूनच परत धाडलं होतं. त्यांच्या जिभेला कामगार टरकून असत आणि साहेब लोक जरा जास्तच.

दवाखान्यात पर्सोनेल ऑफिसर उद्धवराव त्यांची वाटच पाहत बसले होते. इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं, चेहऱ्यावर सुतकी भाव.

"फार वाईट झालं, सिस्टर. पण पुरावा पक्का आहे. डबा मी ताबडतोब माझ्या केबिनमध्ये नेऊन ठेवला. फौजदार आले तेव्हा सगळ्यांच्या देखत त्यातली अळंबीची फोड चमच्यानं मोडली. काय सांगू! बघता बघता निळीशार पडली. शाई ओतावी तशी. फौजदार दचकून मागेच सरकले."

"म्हणजे विष?"

"दुसरं काय? रानातली, बुडाला भोकं असणारी अळंबी. आता तुम्ही एवढंच सांगा, की ताहेराच्या डब्यानं पोट बिघडल्याच्या तक्रारी आधीही यायच्या."

"आलेल्या नाहीत."

"यायच्या असं सांगितलंत तर बिघडतं काय?"

बिघडतं काय! दुर्गाबाईंच्या ओठांवर चार शब्द आले होते, ते त्यांनी गिळले. त्यांनी साधा प्रश्न विचारला, "उलट्या किती झाल्या त्याला?"

"उलट्या?" उद्धवराव हसले. "उलटी व्हायला वेळ कुठं मिळाला? छातीवर हात ठेवून दोनदा श्वास ओढला आणि संपला. तोंड मात्र लालबुंद."

ते निघून गेले. दुर्गाबाईंना हे पटेना. विषारी भाजी पोटात गेलेला माणूस लोळतो, ओकतो, तासन् तास तडफडतो. असा दिवा विझल्यासारखा जात नाही.

२

कासारवाडीच्या रेल्वे फाटकाजवळ ताहेराचं दोन खणांचं घर. पुढच्या खणात चूल आणि खाणावळ, मागे राहायचं. चूल कुणीतरी लाथेनं फोडली होती. पातेली अंगणात पालथी पडली होती आणि ताहेराची सासू रहिमाबी एकेक गोळा करून पुसत होती. म्हातारी रडत नव्हती. पुसलेलं प्रत्येक भांडं संतापानं दाणकन आपटून ठेवत होती.

"तुमीबी शिव्या द्यायला आलाव का?"

"मी विचारायला आलेय. अळंबी कुठली होती?"

"चाकणच्या बाजारातली. ताहेरा कांदं आणाय जाती, तितं डोंगराकडच्या बाया इकाय बसत्यात. येक बी फोड मी बघितल्याबिगर पातेल्यात जात न्हाई."

म्हातारीनं कोनाड्यातून उरलेली एक अळंबी काढून दुर्गाबाईंच्या हातावर ठेवली. जाड देठाची, तपकिरी टोपीची. नेहमीच्या छत्रीला टोपीखाली पातळ पडदे असतात, हिला मात्र चाळणीसारखी बारीक बारीक भोकं होती, पिवळसर. रहिमाबीनं ती मधोमध मोडली. आतून पांढरी निघाली आणि पांढरीच राहिली.

"ही खायाची. हिचीच येक थोरली भन हाय, तिची चाळण तांबडी आसती. मोडली की निळी पडती. ती आमी शिवत बी न्हाई."

"आणि कुणी चुकून खाल्ली तर?"

"वकून वकून अर्धमेला व्हतो. चार दिस हातरुनात. पर आसा खाली बसून मरत न्हाई कुनी."

"काल त्याच पातेल्यातलं आणखी कुणी खाल्लं?"

"सगळ्यांनी! कारळ्याचं कूट घालून रस्सा केलता. समद्यांच्या डब्यात त्योच. आमीबी त्योच खाल्ला." म्हातारी तडकली. "पर मेला त्यो येकटा, म्हून खुनी आमी. फौजदार म्हनला, येक फोड वाईट आसंल ती त्याच्याच डब्यात गेली. उद्या तिला पुण्याच्या कोर्टात उभी करनार. येकदा येरवड्याला गेली की कोन सोडवनार, बाई? मानसं हायेत का आमच्याकडं?"

ज्या कामगारांना या घरानं वर्षानुवर्षं गरम भाकरी घातली, त्यांतला एकही इथं फिरकला नव्हता. पातेली गोळा करायला म्हातारीला शेजारची बाईसुद्धा हात लावत नव्हती. दुर्गाबाई ओट्यावरून उठल्या.

"डबा कसा होता मालोजीचा?"

"तीन कप्प्यांचा. खाली रस्सा, मधी भाकर, वर भात."

फाटक ओलांडताना दुर्गाबाईंना आठवलं. गेटवरचा रखवालदार सकाळी बोलला होता, फौजदार हातात दोन कप्प्यांचा डबा घेऊन गेले. मग तिसरा कप्पा कुठे गेला?

३

हीट ट्रीटमेंट खात्यात पाऊल टाकलं की तोंडावर झळ यायची. तयार झालेले गिअर, कामगारांच्या भाषेत जॉब, तिथं वितळलेल्या मिठाच्या भट्टीत बुडवून कडक करत. कामगार त्याला मीठच म्हणत. ते सायनाइड आहे हे भिंतीवरच्या इंग्रजी पाटीवर लिहिलेलं होतं आणि खात्यात इंग्रजी वाचणारा एकही नव्हता.

भट्टीच्या कट्ट्यावर डब्यांची ओळ लागली होती. प्रत्येकाचं वरचं झाकण सैल केलेलं.

"हे इथं कुणी ठेवले?" दुर्गाबाई ओरडल्याच.

कोंडाजी पुढे आला. मालोजीचा जोडीदार, दोघं एकाच भट्टीवर. मावळातल्या जुन्या घरातला माणूस, अंगानं तगडा. आज मात्र खांदे पडलेले.

"कँटीनमधलं डबं तापवायचं कपाट साहेबांनी काडून न्हेलं न्हवं का. मागं आमी ओव्हरटाइमला न्हाई म्हनलो, त्याची शिक्षा. मग गार भाकर खायाची का? कट्ट्यावर ठिवतो. झाकन सैल करावं लागतं, न्हाईतर वाफेनं उडतं."

"कोणत्या साहेबांनी नेलं?"

"उद्धवराव."

दुर्गाबाई कट्ट्यापाशी वाकल्या. काळ्या विटांवर जागोजाग पांढरे ठिपके गोठले होते, थेंब पडून घट्ट झाल्यासारखे.

"हे मीठ इतक्या लांब उडतं?"

"जॉब वला आसला की उडतं. पावसाचं वरून गळतंय बी." एवढं बोलून कोंडाजीनं जीभ चावली आणि चिमटा उचलून पाठ फिरवली.

"कोंडाजी, काल मालोजीबरोबर जेवायला तूच होतास."

"शेजारी व्हतो. मी माजं मी खाल्लं. मी त्या बाईच्या हातचं पानीबी पीत न्हाई."

"मग तुला काय वाटतं, तिनं विष घातलं असेल?"

"छ्या!" तो पटकन बोलून गेला. "कारळ्याच्या कुटातला रस्सा, पहिल्या घासाला जिभंवर कळलं आसतं."

आणि मग त्याचा चेहरा उतरला. दुर्गाबाईंनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. पाणी न पिणाऱ्या माणसाला रश्श्यात कारळे होते हे कसं कळलं, हा प्रश्न त्यांनी जपून ठेवला. त्याहून मोठा प्रश्न त्यांना छळत होता. मालोजी भट्टीच्या मिठानं मेला असेल, तर डब्यात निळी पडणारी अळंबी आली कुठून?

४

साहेबांच्या ऑफिसमागे कुंपणाला लागून निलगिरीची झाडं होती. तिकडं कामगारांना जायला बंदी. गेल्या पावसात तिथं छत्र्या उगवतात असं माळी म्हणाल्याचं दुर्गाबाईंना आठवलं आणि त्या तरातरा तिकडे निघाल्या. शिपाई आडवा आला. त्यांनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो बाजूला झाला.

ओल्या पाचोळ्यात तीनचार अळंब्या डोकं वर काढून उभ्या होत्या. दुर्गाबाईंनी एक उलटी केली. बुडाची चाळण तांबडी होती, कुंकवासारखी. पलीकडे एका अळंबीचा नुसता देठ उरला होता. टोपी कुणीतरी हातानं पिरगाळून नेलेली, आणि तुटलेल्या कडेवर निळा डाग.

पदरात दोन अळंब्या बांधून त्या दवाखान्यात आल्या आणि दार लावून घेतलं. एक मोडली. निळीशार! उद्धवरावांचं वर्णन खोटं नव्हतं. दुर्गाबाई त्या रंगाकडे बघत बसल्या. खोलीत सुया उकळायचं भांडं स्टोव्हवर खदखदत होतं. त्यांच्या मनात काय आलं कुणास ठाऊक, उरलेली अळंबी त्यांनी अख्खीच्या अख्खी त्या भांड्यात सोडली.

चांगली शिजू दिली. मग चिमट्यानं बाहेर काढली, निववली आणि मधोमध मोडली.

काही झालं नाही. फिकट, लिबलिबीत फोड तशीच पडून राहिली. त्यांनी दुसऱ्या जागी मोडली, चिरडली, उन्हात धरली. रंग बदलला नाही तो नाहीच.

आता त्यांचं अंग रागानं तापलं. शिजलेली अळंबी निळी पडत नव्हती. ताहेराचा रस्सा चुलीवर शिजला, वर भट्टीच्या कट्ट्यावर तापला. तिच्या पातेल्यातली फोड, चांगली असो की वाईट, चमच्यानं मोडल्यावर निळी पडणं शक्यच नव्हतं. जी निळी पडली ती कच्ची होती. म्हणजे डबा तापून झाल्यावर, कंपनीच्या भिंतींच्या आत, कुणीतरी ती रश्श्यात बुडवली होती. ताहेराला तर गेटच्या आत पाऊल टाकायची परवानगी नव्हती.

भोंदू माणूस! पुरावा म्हणून सगळ्यांच्या देखत स्वतःचाच गुन्हा मोडून दाखवला.

पण एक नर्स एवढं बोलली म्हणून पिंपरीत कोण ऐकणार होतं? ज्यानं तो रस्सा खाल्ला आणि जो जिवंत राहिला, त्याचं तोंड उघडायला हवं होतं.

५

कोंडाजीला त्यांनी शिफ्ट सुटताना गेटबाहेर गाठलं आणि वडाखाली उभं केलं.

"रस्सा तू खाल्लास."

"न्हाई."

"कारळे तुला स्वप्नात दिसले?"

त्यानं इकडंतिकडं पाहिलं. "हळू बोला, बाई. घरी कळलं तर भाऊबंद दारात उभं करायचं न्हाईत. पुतनीची सोयरीक ठरलीया."

"मालोजी आता कुणाच्याच दारात उभा राहणार नाही. आणि ती बाई उद्या येरवड्यात जाईल. तुझ्या सोयरिकीसाठी?"

कोंडाजी खाली बसला. डोक्यावरचं मुंडासं काढून त्यानं हातात चुरगाळलं. मग बोलायला लागला तसा थांबेना.

"रोजच खायाचो मी. माजी भाकर, तिचं कोरड्यास. कालबी रस्सा आमी दोगांनी खाल्ला. भात त्यानं येकट्यानं. खारट लागतुया म्हनला, हसला, आन् बकाबका खाल्ला, भूक लागल्याली. जरा वेळानं छाती धरून बसला." त्यानं मुंडाशानं डोळे पुसले. "जेवायच्या आदी मी वला जॉब भट्टीत सोडला व्हता, बाई. मीठ उडालं. त्याचा डबा कडंला व्हता. मीच मारला त्याला."

"तू नाही. छप्पर गळतं ते तू ठेवलंस? कपाट तू नेलंस? पुढे सांग."

"साहेबानं वरचा कप्पा माज्या हातात दिला. म्हनला, धू आन् भंगारात टाक, आन् तोंड उघडलंस तर खुनी तूच ठरशील. वला जॉब तुजाच व्हता."

"धुतलास?"

कोंडाजीनं नकारार्थी मान हलवली. "हात झाला न्हाई. त्याचं शेवटचं अन्न हाय त्यात. फडक्यात बांदून भंगाराच्या ढिगामागं लपवून ठिवलाय."

"हात लावू नकोस त्याला. फडक्यासकट उचल आणि चौकीवर ये."

"लोकांम्होरं बोलावं लागंल का?"

"मोठ्यानं," दुर्गाबाई म्हणाल्या आणि चालू लागल्या. तो मागून येतो आहे की नाही, हे पाहायला त्यांनी वळून बघितलं नाही. खरं तर त्यांना वळायची भीती वाटत होती.

६

फौजदार शितोळे वैतागलेलेच होते. उद्धवराव त्यांच्यासमोर चहा पीत बसले होते. कोपऱ्यातल्या बाकावर ताहेरा होती, डोक्यावर पदर, नजर जमिनीला.

दुर्गाबाईंनी टेबलावर तांबड्या चाळणीच्या दोन अळंब्या ठेवल्या. पुन्हा निलगिरीखाली जाऊन त्यांनी त्या आणल्या होत्या. "फौजदारसाहेब, चौकीचा स्टोव्ह पेटवायला सांगा."

"हा काय पोरखेळ आहे?" उद्धवराव म्हणाले.

"पोरखेळ असेल तर घाबरता कशाला?"

स्टोव्ह पेटला. एक अळंबी कच्ची मोडली, निळी पडली. दुसरी शिपायानं उकळून काढली आणि फौजदारांनी स्वतःच्या हातानं मोडली. ती फिकटच राहिली. मग हळूहळू त्यांचे डोळे उद्धवरावांकडे वळले.

"काल तुम्ही माझ्यासमोर मोडलीत ती निळी पडली."

"एखादी फोड कच्ची राहिली असेल. या बायका कसंही शिजवतात."

"चुलीवर कच्ची राहिली, मग भट्टीवर तापूनही कच्ची राहिली?" दुर्गाबाईंचा आवाज चढला. "डबा तुमच्या केबिनमध्ये होता. अळंबी तुमच्या ऑफिसमागं उगवते, टोपी पिरगाळलेला देठ अजून तिथं आहे. आणि फौजदारसाहेब, यांना विचारा, तीन कप्प्यांच्या डब्यातला भाताचा कप्पा कुठं आहे?"

"कसला कप्पा? दोनच होते."

"तीन व्हतं."

दारात कोंडाजी उभा होता. त्याच्यामागे सुटलेल्या शिफ्टची माणसं जमली होती. त्यांतले दोघेतिघे त्याच्या भावकीतले. त्यानं फडकं टेबलावर ठेवून गाठ सोडली. वाळलेल्या भाताच्या शितांवर पांढरे, टणक ठिपके बसले होते.

"हात नका लावू," दुर्गाबाई म्हणाल्या. "हे जेवणातलं मीठ नाही. भट्टीतलं आहे."

कोंडाजीनं मागे वळून गर्दीकडं पाहिलं आणि तोंड उघडलं. "रस्सा मी खाल्लाय. ताहेराबाईच्या हातचा. रोज खातो. मला काय झालं न्हाई. मालोजी भातानं मेला, आन् भातात इख कंपनीच्या भट्टीनं घातलं. ह्यो कप्पा धुवाय मला ह्या साहेबानं सांगितलं."

भावकीतला एकजण थुंकला आणि निघून गेला. कोंडाजी उभाच राहिला.

उद्धवराव ताडकन उठले. मुखवटा गळून पडला होता. "हो, मग काय करायचं होतं? कारखाना तपासणीवाले आले असते, भट्टी बंद, खातं बंद, कंपनी बंद! शेकडो घरं उपाशी मेली असती. आणि कोण ती? एक खाणावळवाली!"

दुर्गाबाईंच्या हाताला टेबलावरचा चहाचा कप लागला होता. तो त्यांनी फेकून मारला नाही, याचं पुढे त्यांना फार दिवस वाईट वाटलं.

"तपासणीला घाबरत होतात तर छप्पर शाकारायचं होतं," त्या म्हणाल्या. "डबे तापवायचं कपाट परत द्यायचं होतं. एवढंच करायचं होतं. ते केलं नाहीत, आणि तुमचं नाव येऊ नये म्हणून बाईला फासावर द्यायला निघालात. कंपनीचं नाव कशाला घेता?"

फौजदारांनी शिपायाला खूण केली. उद्धवरावांना आतल्या खोलीत नेलं. मग ते बाकाकडं वळले आणि घाईघाईनं म्हणाले, "जा बाई घरी. सोडलंय तुम्हाला."

ताहेरा उठली नाही.

"ऐकलंत ना? सुटलात तुम्ही."

"मी काय केलं व्हतं म्हून सुटले?" तिनं पहिल्यांदाच मान वर केली. तिच्या कपाळावर दगडाची खोक होती. "काल तुमी मला पिंपरीच्या बाजारातनं पायी आनलं. गाडी व्हती, तरीबी पायी. दंडाला दोरी बांदून. दुकानदार पायऱ्यांवर येऊन बगत व्हतं. कापडवाला, किरानावाला, समदी वळकीची. कुनी थुकलं, कुनी धोंडा मारला. मी उद्या कुनाला भाकर घालू? कोन खाईल माज्या हातची?"

"आता त्याला मी काय करू?"

"जसं आनलं तसं परत न्या. पायी, त्याच रस्त्यानं. आन् दर दुकानाम्होरं थांबून सांगा, हिनं काय केलं न्हवतं."

"असा काही रिवाज नाही, बाई."

"दोरी बांदून आनायचा हाय?"

दुर्गाबाई ताहेराच्या शेजारी बाकावर जाऊन बसल्या. पलीकडे कोंडाजी येऊन भिंतीला टेकून उभा राहिला. फौजदारांनी तिघांकडं पाहिलं, दारातल्या गर्दीकडं पाहिलं, आणि खुंटीवरची टोपी काढून डोक्यावर चढवली.

बाजार भरात होता. पहिल्याच दुकानापुढे फौजदार थांबले आणि पायरीकडे बघत पुटपुटले, "ताहेराबाई निर्दोष आहेत."

"त्यास्नी ऐकू न्हाई आलं," ताहेरा म्हणाली.

फौजदारांनी घसा साफ केला आणि पुन्हा, मोठ्यांदा सांगितलं.